हिरव्या दिव्यावर विसंबू नका

महोदय,

इचलकरंजीत आमची घाऊक औषधांची पेढी आहे. बिलिंगचा सर्व्हर ऐन दुपारी आपोआप रीस्टार्ट होई आणि मग खात्यांचा डेटा जुळवत बसावं लागे. दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण विंडोज नव्याने टाकायचा सल्ला देई. (त्याचं बिल चांगलं होतं!) शेवटी भाचीने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. दर वेळी कर्नल-पॉवर ४१ (नीट बंद न होता सर्व्हर पुन्हा सुरू झाल्याची नोंद) आणि बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोलमडल्याचा त्रुटी-क्रमांक, शून्य. विंडोज कोलमडलं असतं तर बहुधा तिथे कोड दिसला असता. तसा कोड असता तर रॅम, ड्रायव्हर तपासायचे. शून्य म्हणजे संशय विजेवर. रात्री फायली बंद करून, सर्व्हर चालू ठेवून यूपीएसची (वीज गेल्यावर बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यंत्राची) भिंतीतली पिन काढली. सर्व्हर तत्क्षणी गप्प, म्हणजे बॅटरीच निकामी! यूपीएसचा हिरवा दिवा तोवर तोऱ्यात होता. असल्या बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षांत दम टाकतात, उकाड्यात त्याआधीच. वार्षिक देखभालीचे पैसे घेणाऱ्यांनी हे सांगायला नको? करारात लोडवरची (यंत्रं जोडून घेतलेली) बॅटरी चाचणी लिहून घ्या, असं व्यापारीबंधूंना सुचवतो. आणि यंत्रमाग सुरू होताच आमच्या गल्लीतले दिवे मंदावतात. वीजपुरवठा करणाऱ्यांनी विजेचा दाब एकदा दुपारी येऊन मोजावा.

– एक घाऊक औषधविक्रेता, इचलकरंजी