पांढरीची माती ट्रॉलीत भरण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या पहिल्या संस्कृतींवर आलेला लेख दोनदा वाचला. नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, सगळ्या नद्या आल्या. शेवटी महाराष्ट्राचा विषय निघाला आणि लेखक एका वाक्यात मोकळे झाले: आपल्याकडे सातवाहनांच्या आधी सांगण्यासारखे काही नव्हते. ते खटकले, म्हणून हे पत्र.

मी श्रीगोंदा तालुक्यातला शेतकरी. घोड नदी आमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. मी मॅट्रिकला गणितात गेलो त्या हिवाळ्यात मामांनी मला तिथे रोजावर लावून दिले. पहिल्या दिवशी सवयीने कुदळ घेऊन उतरलो, तर एका विद्यार्थ्याने ती काढून घेतली आणि हातात खुरपे अन् ब्रश दिला. म्हणाला, "दादा, खणायचं नाही, खरवडायचं." दिवसभरात वीतभरही माती निघायची नाही. या हिशेबाने विहिरीला पाणी लागायला सात पिढ्या जातील, असे आम्ही गडी आपसात हसायचो.

चौथ्या दिवशी खुरप्याखाली एक गोल कड लागली. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. आत तान्ह्या मुलाची हाडे, चिमणीच्या हाडांसारखी बारीक. राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरलेली. पाट्या वाहणाऱ्या बायकांपैकी एकीने पदर सारखा केला आणि ती लांब जाऊन बसली. त्या दुपारी कुणाला भाकर गोड लागली नाही. मोठी माणसेही तिथे घरातच पुरत, डोके उत्तरेला करून आडवी, पण घोट्याखालचे पाय तोडून. मेलेल्याने उठून परत फिरू नये म्हणून, असा तर्क आहे.

ही वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली. म्हणजे सातवाहनांचा पत्ताही नव्हता तेव्हा इथे शंभराहून जास्त घरे उघडी पडावीत एवढे गाव नांदत होते. कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा. तांबे होते, पण थोडे; रोजच्या कापाकापीला गारगोटीची पाती. शेतात मुख्य पीक जवाचे, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. पुराचे पाणी वळवायला त्यांनी पाट काढला होता आणि दगडांचा बांध घातला होता. गावात धान्याचे कोठार, आणि त्याला लागून पाच खोल्यांचे एक घर. आता जिथे पाट आहे, कोठार आहे, तिथे पाळी लावणारा कुणीतरी असणारच. पाण्याच्या पाळीवरून आमच्याकडे आजही डोकी फुटतात.

त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, ढेरपोट्या माणसासारखा एक रांजण निघाला. आत चाळिशीच्या आसपासचा पुरुष बसवलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. पुढाऱ्यांना तेव्हाही नियम वेगळा होता, एवढेच म्हणतो.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटत गेले, असे अभ्यासक सांगतात. ऐसपैस चौकोनी घरे गेली, छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती आटली, माणसे शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर जगू लागली. पुढे तीनेकशे वर्षांत गाव उठले. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हे फोडून सांगावे लागत नाही.

याला कुणी मोहेंजोदडो म्हणू नये. शहर नाही, लिपी नाही. ही माणसे बोलत कोणती भाषा, तेही त्यामुळे सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर 'दहा हजार वर्षांपूर्वीची मराठी संस्कृती' म्हणून जे फिरते, त्याच्याशी माझा संबंध नाही. पण 'काही नव्हते' हेही तितकेच खोटे.

आता माझे गाऱ्हाणे. खेड्यातल्या माणसाला काळी आणि पांढरी सांगावी लागत नाही: काळी पिकाची, पांढरी वस्तीची. नदीकाठी जिथे पांढरीचे टेकाड उभे आहे, तिथे कधीतरी माणसे राहिली, त्यांच्या भिंती आणि चुलींची राख साचून ते उंच झाले. लहानपणी आम्हीही धाब्याच्या घरावर टाकायला तिथूनच माती आणायचो, पण वर्षाला एक-दोन बैलगाड्या. गेल्या वर्षापासून आमच्या टेकाडाला जेसीबी लागला आहे. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या कुणाच्या शेतात, कुणाच्या भरावात. पिशवीत खापरे घालून मी एका कचेरीत गेलो. त्यांनी दुसरीकडे धाडले, दुसऱ्यांनी पहिलीकडे. एका साहेबांनी विचारले, "यात सोनं आहे का?"

सोने नाही. त्यातले एक खापर हे लिहिताना माझ्यासमोर आहे. लालसर, वर काळ्या रंगाच्या आडव्या रेघा, एका अंगाला तुटलेली तोटी. टिचकी मारली की धातूच्या भांड्यासारखे खणकन वाजते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावात अशी भांडी आधी सापडली, म्हणून त्यांना जोर्वेची म्हणतात. इनामगावला मी अशी टोपलीने धुतली आहेत. प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ मिळाला, वजन साठ किलोंच्या वर. तेव्हा तिथे जेसीबी असता तर ते सगळे भंगारात गेले असते.

मागणी साधी आहे. पांढरीतून माती उचलायचा परवाना देण्याआधी खापरे ओळखणाऱ्या माणसाने तिथे एकदा पायी फिरून यावे. एका दिवसाचे काम आहे.

आणि लेखकमहाशयांना आग्रहाचे निमंत्रण. आठवडी बाजाराच्या दिवशी या, त्या दिवशी जेसीबी उभा असतो. येणे पावसाळ्याआधी व्हावे. टेकाडाची पूर्वेची बाजू अजून शिल्लक आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. श्रीगोंदा