फॉरमॅट झालं म्हणजे कार्ड चांगलं, असं नसतं हो!

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गॅजेटबद्दल बरंच येतं म्हणून लिहितोय. मेमरी कार्डाने काहीही त्रास दिला की ज्याला विचाराल तो एकच सांगतो, फॉरमॅट मार. मीही मारलं, एकदा नाही तीनदा.

मुलीकडे निंटेंडो थ्रीडीएस आहे, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, जुना. त्यासाठी १२८ जीबीचं कार्ड ऑनलाइन घेतलं, स्वस्त होतं, तिथेच शंका यायला हवी होती. आधी तर कन्सोल ते ओळखेचना, कारण ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि थ्रीडीएसला फॅट३२ लागतं (या कार्डावर फायली मांडायच्या दोन पद्धती), आणि माझ्या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट विंडोत ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा ऑप्शनच दिसत नव्हता, मग वेगळा छोटा प्रोग्रॅम शोधा. त्यात कार्ड राईट प्रोटेक्टेड म्हणून अर्धा तास गेला, तर कडेचं ते इवलंसं लॉकचं बटण खाली सरकलं होतं!

असो. फॉरमॅट झालं, दोन महिने मस्त चाललं. मग एक गेम उघडेना, दुसऱ्याचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद, करप्ट. फॉरमॅट मारलं की परत सगळं छान, काही आठवड्यांनी परत तेच. गेम पुन्हा डाउनलोड होतात हो, पण सेव्ह गेला तो गेला.

शेवटी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकटातला प्रोग्रॅम चालवला (मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी एफथ्री आहे). तो रिकाम्या कार्डावर १-१ जीबीच्या फायली शेवटपर्यंत भरतो आणि मग सगळ्या परत वाचून बघतो. रात्री लावला. लिहिताना एकही एरर नाही, मी खूश. सकाळी बघतो तर वाचताना लाल अक्षरं, साधारण साडेसात जीबी ठीक आणि बाकी १११ जीबी डेटा लॉस्ट. म्हणजे आत ८ जीबीची चिप, आणि कार्डाचा कारभार बघणारा आतला कंट्रोलर कॉम्प्युटरला बिनधास्त १२८ सांगतोय. त्याच्या पुढे जे लिहाल ते हवेत जातं नाहीतर आधीच्यावरच बसतं, फाईलचं नाव दिसतं, साईझ दिसते, आत माल नाही. आणि क्विक फॉरमॅट फक्त सुरुवातीचा, कुठली फाईल कुठे आहे तो तक्ता नव्याने लिहितं, तो भाग खराच असतो, म्हणून ते दर वेळी पास! फॉरमॅटनंतर बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी की कार्ड रिकामं झालेलं असायचं.

(१२८ चं कार्ड ११९ दिसलं तर मात्र घाबरू नका, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तो हिशोबाचा फरक आहे.)

तर विनंती अशी की कार्डाबद्दल छापाल तेव्हा हे पण छापा: नवीन कार्ड आलं की आधी पूर्ण टेस्ट, मग टेस्टच्या फायली उडवून फॉरमॅट, मग गेम. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू देत. आणि जुनं कार्ड फॉरमॅट करायच्या आधी त्यातला निंटेंडो थ्रीडीएस नावाचा फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा, मी पहिल्या वेळी तेही केलं नव्हतं.

विकणाऱ्याने पैसे परत दिले. आता ३२ जीबीचं कार्ड आहे, टेस्ट करूनच आत घातलंय. मुलगी पहिल्या लेव्हलपासून खेळतेय आणि कन्सोल माझ्या हातात द्यायला तयार नाही.

— एक वाचक