ठिकाण पुसताना

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व बरे आहोत, आईचा गुडघाही आता पुष्कळ सुधारला आहे. तब्येतीचे एवढ्यावरच आटोपतो, कारण ज्यासाठी पत्र लिहायला बसलो आहे ती गोष्ट घरात सांगितली तर सगळे ऐकून घेतील, पण कळेल ती तुलाच.

आपण दोघे इतकी वर्षे वापरत आलो त्या प्रतिमा-रूपांतराच्या मुक्तस्रोत साधनात मी एक लहानसा पर्याय जोडला आहे: रूपांतर करताना छायाचित्रातील ठिकाणाची नोंद तेवढी काढायची आणि बाकीची माहिती जशीच्या तशी ठेवायची. इमेजमॅजिक या प्रतिमा-प्रोग्राममधला ‘स्ट्रिप’ हा पर्याय ठिकाणाबरोबर रंग कसे दाखवायचे ते सांगणारे आयसीसी प्रोफाइल आणि चित्र उभे की आडवे ते सांगणारा ओरिएंटेशनचा टॅगही, म्हणजे नोंदही, उडवतो. मग विस्तृत रंगकक्षेतले चित्र फिके दिसते आणि उभा फोटो आडवा पडतो. नानाने पाठवलेले सहलीचे फोटो आठव, सगळे जण मान वाकडी करून पाहत होते आणि मंजूवहिनी म्हणाल्या होत्या की, फोटोंपेक्षा मानेचा व्यायाम बरा झाला!

काम वरवर पाहता अगदी सोपे होते. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलीत लिहून ठेवतो त्या माहितीत, ३४८५३ क्रमांकाचा टॅग असतो आणि ठिकाणाची नोंद कोठून सुरू होते ते तो दाखवतो. हा टॅग काढला की कोणताही साधा प्रोग्राम ‘ठिकाण नाही’ असे सांगतो. पण फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे तिच्यातले बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली की अक्षांशाचे ते २४ बाइट, म्हणजे अंश, मिनिटे आणि सेकंद यांचे प्रत्येकी ८ बाइटांचे तीन अपूर्णांक, आपल्या जागी तसेच बसलेले दिसतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि फोन तर सेकंदाचेही अंश लिहून ठेवतो. म्हणजे घराचे दारच झाले. पाटी काढली म्हणून घर नाहीसे होत नाही. त्यामुळे मी टॅग काढण्यावर न थांबता ते सर्व बाइट जागच्या जागी शून्याने भरतो. संपूर्ण एक्झिफ नव्याने रचणे अधिक नीटनेटके झाले असते, पण मेकरनोटमधले, म्हणजे एक्झिफमधल्या कॅमेरा-कंपनीच्या स्वतःच्या नोंदीतले, फाइलीतल्या जागांचे पत्ते बहुधा मूळ जागांवरच अवलंबून असतात, आणि भाग हलवले की ती नोंद वाचता येईनाशी होते. ठिकाण एक्सएमपी या फाइलीतल्या माहितीच्या दुसऱ्या भागातही मजकुराच्या रूपात लिहिलेले असू शकते. तेही त्याच लांबीच्या कोऱ्या जागांनी पुसले.

आता खरी चिंता सांगतो. कॅमेरा बनवणारी कंपनी मेकरनोटमध्ये काय लिहिते हे बहुतेक वेळा जाहीर नसते. तिथे ठिकाण नसेलच अशी खात्री मला देता येत नाही. साधन सांभाळणाऱ्यांचे मत आहे की मेकरनोटला हात लावू नये, कारण लेन्स आणि फोकस यांची माहिती छायाचित्रकारांना हवी असते. त्यांनी कोड बारकाईने तपासला, दोन चांगल्या टेस्ट सुचवल्या आणि माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल साधनात घेण्याची विनंती, मंजूरही केली. आता मी होकार देण्याचीच वाट आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, तरीही हा होकार मला देववत नाही. ठिकाण काढून टाका असे सांगणारा माणूस बहुधा कोणापासून तरी आपला पत्ता जपत असतो. ‘पुसले’ हा निरोप वाचून तो निर्धास्त होईल आणि फोटो पुढे पाठवील. त्याच्यासाठी लेन्सचे नाव गमावणे काहीच नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, या पर्यायाने मेकरनोटही काढावी आणि ज्याला ती हवी असेल त्याने तसे वेगळे सांगावे.

तू काय म्हणशील ते मला आधीच ऐकू येते आहे. २००२ साली इमेजमॅजिकमधून ग्राफिक्समॅजिक हा स्वतंत्र प्रकल्प वेगळा झाला तो योग्य की अयोग्य, यावर आपण रात्र-रात्र भांडलो होतो. लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट, म्हणजे साधनाला द्यायच्या आज्ञांच्या तयार फाइली, मोडता कामा नयेत, स्थैर्य हीच खरी सेवा, हा तुझा हेका होता आणि तो मी कधी मान्य केला नाही. आजही करत नाही. पण हा पर्याय नवाच आहे, कोणाचीही स्क्रिप्ट त्यावर उभी नाही, आणि एकदा प्रसिद्ध झाला की तुझ्याच नियमाने त्याची वागणूक बदलणे अवघड होईल. तेव्हा या खेपेस तुझा हेका माझ्या बाजूने पडतो, हे तुला कबूल करावे लागेल!

तुझ्या बदलीचे कळले, आनंद झाला. चिरंजीवांच्या परीक्षेचे काय झाले ते कळव. वहिनींना नमस्कार.

आणि एक काम कर. तुझ्याकडचे ते दोन जुने कॅमेरे आणि घरातले फोन, या सर्वांतल्या काही मूळ फाइली पाठव. ठिकाण उघड झाले तरी चालेल अशाच निवड. मेसेजिंग ॲपवरून पाठवू नकोस, ते फाइल पुन्हा दाबून बहुतेक नोंदी उडवते. ईमेलला जोडून पाठव. त्या हाती आल्या की मेकरनोट उघडून पाहीन आणि सांभाळणाऱ्यांना उत्तर लिहीन. तोवर होकार थांबवला आहे.

तुझा,
अनंत