जागा सापडली

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय भावा,

अकरा महिने झाले आपण बोललो नाही. त्यातले निम्मे तरी माझ्या रागापायी गेले. फोनवर तुझा आवाज ऐकला की परत तेच निघेल, म्हणून लिहायला बसलोय. मी बरा आहे, शुगर ताब्यात. आईचे गुडघे आहेत तसेच.

जागा सापडली! झाडाखाली उघड्यावर निवांत बिअर पीत बसायची. घरात सांगितलं, सगळे नुसते "बरं" म्हणाले. म्हणून रात्रीचं तुला.

राधानगरी रोडला, शहर मागं पडलं की जरा आत, उसाच्या कडेला. वर पत्रा नाही, टीव्ही नाही, लाल-निळे लाइट नाहीत. एक थोरली चिंच आणि तिच्याखाली सहा-सात टेबलं. फ्रिज छोटा आहे, म्हणून मालक बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवतो. मी माइल्ड मागितली, तर "स्ट्राँगच आहे साहेब" न म्हणता आणून दिली. सोबत उकडलेल्या शेंगा. गुऱ्हाळं सुरू झाल्यात, त्यामुळं सांजच्याला काकवीचा वास येत होता. दोन टेबलांवर बायामाणसं पोराबाळांसह जेवत होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. आपल्याकडं हे किती दिवसांनी बघितलं! "फॅमिली" म्हणून पडदा लावलेलं कोंदट खुराडं नाही, भावा. सगळे एकाच झाडाखाली.

नदीकाठची आपली जागा गेलीच. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी आलं, तरी मालकानं गाळ उपसून परत खुर्च्या मांडल्या होत्या. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं आणि माणूस खचला. भराव टाकून बंद हॉल बांधला. त्याला नावं कशी ठेवू? पण आपण गेल्या खेपेला भांडलो ते त्याच हॉलमध्ये. टीव्हीवर मॅच, टेबलाटेबलावर गलका. एकमेकांचं ऐकायला ओरडावं लागत होतं, आणि ओरडून बोललं की साधं वाक्यसुद्धा अंगावर येतं. "कोल्हापुरात आता राहिलंय काय?" हे तू झाडाखाली म्हणाला असतास तर मी हसून सोडून दिलं असतं. तिथं नाही सोडता आलं. अजून लागतं ते.

आणि हायवेवरचं आठवतंय? १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, हा सुप्रीम कोर्टाचा नियम लागू झाला, तेव्हा तू रस्त्यापासून गेटपर्यंत पावलं मोजत गेलास आणि मालकाला म्हणालास, "मामा, हॉटेल अजून तीनशे पावलं मागं ढकलूया, मी हात लावतो." मामा त्या दिवसांत तेवढंच एकदा हसले.

तू म्युनिकहून सांगितलेलं डोक्यात घट्ट बसलंय. १८१२ साली तिथल्या राजानं तळघरातली बिअर बागेत विकायची मुभा दिली, पण जेवण विकायचं नाही असं ठरवलं. म्हणून लोक शिदोरी घेऊन यायला लागले, ते अजून येतात. तळघरं गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावलेली. मी आज मालकाला भीत भीतच विचारलं, घरचा डबा आणला तर चालेल का? तो म्हणाला, "आणा की. मला पण द्या म्हंजे झालं." आईच्या हातचं सुक्कं, भाकरी आणि चिंचेची सावली! तिथंच तुला फोन लावणार होतो, भावा. नंबर काढला आणि ठेवून दिला.

आता घोर लागलाय तो असा. जमीन भावाभावांची आहे आणि वाटणी चाललीय. थोरल्याला प्लॉट पाडायचेत आणि चिंच नेमकी त्याच्या हिश्श्यात जातेय. मी मालकाला सांगितलं, १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात चिंच आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. तो म्हणाला, "परवानगी मागणारा माझा सख्खा भाऊ आहे ओ." यावर काय बोलणार? मग वाटलं, आपण तिघाचौघांनी मिळून तेवढा तुकडा भाड्यानं मागावा का? जाड्या म्हणतो, त्यांच्या भावकीत पडू नको. बुलेटवाला म्हणतो, थोरल्याला एकदा तिथं जेवायला बसव, मन पालटेल. मला बुलेटवाल्याचं पटतं. तो थोरला गेली चार वर्षं त्या झाडाखाली बसलेलाच नाही म्हणे. माणूस जिथं बसत नाही, तिथं प्लॉट पाडायला त्याला काय वाटणार?

रात्र झाली की हेच घोळतं. एक गेली पुरात, एक कायद्यात, आणि ही वाटणीत जाणार. तू येईस्तोवर तरी ऱ्हावी.

वहिनींची नवी नोकरी लागली कळलं, फार बरं वाटलं. पोरगी मराठी बोलते का अजून? तिला चिंचा पाडायला आण.

फेब्रुवारीच्या आत ये, गुऱ्हाळं आहेत तोवर. गाडी धाकटा चालवेल, तो पीत नाही. बुंध्याजवळचं पश्चिमेकडचं टेबल मी सांगून ठेवलंय, तारीख तेवढी कळव.

तुझाच