मोरो बेच्या खाडीत मुलांना उतरवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

ऑक्टोबर सरत आला की कॅलिफोर्नियातल्या मोरो बेच्या खाडीत हॅलोविनचे वेश केलेली माणसं, टोकदार काळ्या टोप्यांच्या चेटकिणी आणि जादूगार बनून, पॅडलबोर्डवर (लांबट, तरंगत्या फळीवर) उभी राहून वल्हवत निघतात, आणि त्यानिमित्ताने गरजूंना अन्न देणाऱ्या फूड बँकेसाठी धान्य गोळा होतं. आपल्या मराठी घरांतली मुलं त्यात बिनघोर सामील होतात ती तुमच्यामुळे. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमची पद्धत इतर आईबाबांनाही कळायला हवी.

वेश काय करायचा हे विचारायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक दाखवता. खाडीचं तोंड मोरो रॉक या भल्यामोठ्या खडकाच्या पायथ्याशी आहे आणि बोर्ड पाण्यात सोडायचा कोलमनचा किनारा तिथून फार लांब नाही. ओहोटी लागली की सगळं पाणी त्या अरुंद वाटेने समुद्राकडे ओढलं जातं, आणि तोंडाशी लाटा फुटत असतात. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघायचं, पाण्याबरोबर आत जायचं आणि पाणी थांबलं की लगेच वळायचं. ‘ओहोटी आपोआप परत आणेल’ म्हणून रेंगाळणारे आपल्या किनाऱ्यासमोरून पुढे वाहत जातात. पाणी कमी असताना खाडीच्या दक्षिणेकडे गेलं तर बोर्डाच्या तळाचा फिन (माशाच्या परासारखा भाग) चिखलात रुततो, बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. शिवाय दुपारी वायव्येचा वारा उठतो, म्हणून तुमचा आग्रह सकाळचा. वारा वाढला तर गुडघ्यांवर बसायचं, हे मुलांना आता सांगावंही लागत नाही.

वेशाबद्दल तुमचं म्हणणं एकच: आधी लाइफ जॅकेट, मग त्याच्याभोवती चेटकीण. अमेरिकी कोस्ट गार्डच्या लेखी पॅडलबोर्ड ही होडीच आहे, त्यामुळे प्रत्येकासाठी जॅकेट आणि शिट्टी लागतेच, आणि कॅलिफोर्नियात 13 वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट अंगात घातलेलंच असावं लागतं. कमरेला बांधायचं फुगवण्याचं जॅकेट 16 वर्षांखालच्यांना चालत नाही. मोठ्यांनी वापरलं तरी झग्याखाली नको, फुगवायला ओढायची दोरी ऐनवेळी सापडत नाही. पाणी 13 ते 15 अंश सेल्सियस असतं. पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास जोराने आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याबाहेर असणं हेच जॅकेटचं खरं काम. आत 3 मिलिमीटरचा काळा वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) घातला की चेटकिणीचा अर्धा वेश तिथेच झाला, ही तुमची युक्ती आम्हाला फार आवडते.

झगा सुती नको, भिजला की जड होतो. पातळ पॉलिएस्टरचा, गुडघ्याच्या वरपर्यंतचा, खांद्यावर वेल्क्रोने लावलेला हवा, म्हणजे अडकला तर ओढताच सुटतो. टोपीचं इलॅस्टिक हनुवटीखाली घट्ट नको. मुखवटा नकोच, बाजूचं दिसत नाही. चेहरा रंगवायचा असेल तर खाली आधी सनस्क्रीन. वल्ह्याचा चेटकिणीचा झाडू करायचा तर कुंचे पात्यावर न लावता दांड्यावर, हात धरायच्या जागा सोडून, झिपटायने आवळायचे. कोरडं गवत, चमकी आणि खोटी कोळिष्टकं मात्र पूर्ण बंद, कारण ती पाण्यात गळतात आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतात. समुद्री पाणमांजरं दिसली तर पाच कायाकांइतकं अंतर ठेवायचं, फोटोसाठीही जवळ जायचं नाही.

आणि तुमची किनाऱ्यावरची तपासणी! फुगवायचा बोर्ड उन्हात 15 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरला तरी गार पाण्यात दाब उतरतो आणि तो मधोमध वाकतो, म्हणून पाण्यात पाच मिनिटं ठेवून पुन्हा मोजायचा. फिन बसवलाय का? वल्हं डोक्यापेक्षा वीतभर उंच आहे का? पात्याचा बाक पुढच्या बाजूला आहे का? निम्मे नवखे ते उलटं धरतात. नांगरलेल्या होड्यांच्या दोरांमधून जायचं असेल तर घोट्याच्या लीशऐवजी (बोर्डाला जोडून ठेवणाऱ्या दोरीऐवजी) कमरेची, झटक्यात सुटणारी लीश, आणि ती सोडवायला ओढायचा गोळा झग्याच्या वर दिसायला हवा. प्रत्येकाजवळ जाऊन हे तुम्ही स्वतः बघता. याचे आभार कसे मानावेत ते सुचत नाही.

बाकी महिन्याची आखणीही तुम्हीच सोपी केलीत. 2024 मध्ये इथे दिवाळी आणि हॅलोविन एकमेकांवर आले, तेव्हा फराळ आधीच्या आठवड्यात उरकायचा आणि 31 तारखेची संध्याकाळ मुलांना द्यायची, हा तुमचा तोडगा कित्येक घरांनी उचलला. त्या दिवशी सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, म्हणून लहान मुलांना साडेपाचलाच बाहेर काढायचं. शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी दारात खूण म्हणून निळसर-हिरवा भोपळा ठेवायचा आणि खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर द्यायचे, हेही तुमच्याकडूनच आलं.

फूड बँकेच्या खोक्यात यंदाही तुमच्या यादीप्रमाणेच जाईल: कडधान्यांचे डबे, तांदूळ, पीनट बटर. काचेच्या बाटल्या आणि मुदत संपलेलं काही नाही.

तुमचे,
मध्य किनाऱ्यावरचे मराठी आईबाबा

ता. क. – भोपळा कोरायचा तो तीन-चार दिवस आधीच. त्याआधी कोरलेल्याला इथल्या दमट हवेत आतून बुरशी धरते. अख्खा भोपळा मात्र महिनाभर टिकतो, तेव्हा आणायची घाई चालेल.