आधी उजेड ठरव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नाच्या सजावटीसाठी तू पाठवलेले फोटो काल रात्री आम्ही दोघांनी बसून पाहिले. फुलांच्या भिंती, काचेच्या बरण्यांतले दिवे, छताला उलटी टांगलेली फुलं, सगळं सुंदर आहे. सुरुवात रंगापासून करू की फुलांपासून, असं तू विचारलंस. मी म्हणेन, उजेडापासून कर. तीस वर्षं रंगमंचावर दिवे लावले आहेत, त्यामुळे हे मी अगदी ठामपणे सांगतो.

मागे ओळखीतल्या एका लग्नाला आपण गेलो होतो, तुला आठवत असेल. नवरीनं महिनाभर शोधून फिका गुलाबी रंग निवडला होता. त्याच रंगाची फुलं, त्याच रंगाचे पडदे. आणि डेकोरेटरनं समोरून हिरवे-निळे दिवे सोडले. गुलाबी रंग हिरव्या उजेडात राखाडी दिसतो. सगळी मेहनत राखेसारखी दिसत होती आणि नवरा-नवरीचे चेहरे आजारी वाटत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. रंगीत दिवे हवे असतील तर भिंतीवर, झाडांवर, कमानीवर खुशाल सोड. माणसांच्या चेहऱ्यावर मात्र साधा पिवळसर पांढरा उजेडच हवा.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, उजेड पिवळसर की निळसर ते त्यावरून कळतं. २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर उजेड, चेहऱ्याला सगळ्यात चांगला. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, तो कामाच्या टेबलावर ठीक. दोन्ही एकाच जागी मिसळू देऊ नकोस. डोळे सांभाळून घेतात, कॅमेरा घेत नाही, आणि अर्धा गाल निळा, अर्धा पिवळा असे फोटो येतात. खोक्यावर सीआरआयचाही, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचाही, आकडा शोध. तो ९० च्या वर असेल तर चांगलं. तुम्ही दोघं जिथे बसाल तिथे दिवा समोरून, थोडा बाजूनं आणि साधारण ४५ अंश वरून हवा. डोक्यावर सरळ वरून आला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात.

आता रंग. दुकानात कापडाचे दोन तुकडे अगदी जुळतात, घरी आणले की वेगळे दिसतात. हा रंगाऱ्याचा दोष नसतो. दोन वेगळी रंगद्रव्यं एका उजेडात सारखी दिसतात आणि दुसऱ्यात नाही. म्हणून पडद्याचा, टेबलक्लॉथचा, तुझ्या कपड्याचा वीतभर तुकडा बरोबर ठेव आणि तिथल्याच दिव्याखाली, तिथल्याच वेळी एकत्र धरून बघ. शेजारचा रंगही रंग बदलतो, बरं का. भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. धागा तपासला तर चोख निघाला. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो फिका दिसत होता. त्यातूनच त्यांनी १८३९ मध्ये रंगांच्या शेजारावर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हा एकच रंग आवडला म्हणून थांबू नकोस, त्याच्या बाजूला काय येणार तेही ठरव. एक मुख्य रंग, एक त्याला साथ देणारा आणि एक अगदी थोडा, जिथे तुला नजर थांबायला हवी तिथेच.

फुलांबद्दल आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिचं ऐक. तिच्याकडून शिकलेलं एवढं सांगतो. फुलं त्या मोसमातलीच घे. गुलाब आदल्या दिवशी कळी जरा उमलायला लागलेली असतानाच आणावेत, देठ तिरके कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून रात्रभर गार जागी ठेवावेत. त्या खोलीत पिकलेली फळं नकोत. त्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि फुलं लवकर मान टाकतात. लिलीचे पराग चिमट्यानं आधीच काढून टाक, नाहीतर फिक्या कपड्यावर पिवळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. फुलं खोचायचा हिरवा फोम नको, असं तिचं ठाम मत आहे आणि मलाही ते पटतं. तो प्लॅस्टिकच आहे, चुरा होऊन पाण्यात, मातीत राहतो. खोलगट भांड्यात तारेची जाळी गोळा करून बसवली तरी देठ छान उभे राहतात, आणि जाळी पुन्हा वापरता येते.

टेबलावरची मांडणी करताना एक गोष्ट स्वतः करून बघ. खुर्चीवर बस, कोपर टेबलावर टेक आणि मूठ वर कर. त्या मुठीपासून समोरच्याच्या चेहऱ्याच्या उंचीपर्यंत मध्ये काहीही येता कामा नये. म्हणजे फुलं साधारण ३० सेंटीमीटरच्या आत तरी हवीत, नाहीतर बारीक दांड्यावर ६० च्या वर. मधली उंची माणसांना एकमेकांपासून तोडते. मी एकदा एका जुन्या मित्रासमोर बसलो होतो. मधल्या फुलदाणीमुळे रात्रभर आम्ही दोघं मान तिरकी करून बोललो आणि शेवटी बोलणंच थांबलं. दीड मीटरच्या गोल टेबलाला आठ माणसं नीट बसतात, दहा बसवू नकोस. कोपर अडकायला लागले की सगळा थाट जातो.

बाकीचं थोडक्यात. पाहुण्यांची यादी पक्की होईपर्यंत एकही गोष्ट बुक करू नकोस, कारण जागा, टेबलं, फुलं सगळं त्याच आकड्यावर उभं असतं. मोकळ्या जागेत करणार असाल तर मावळतीचा सूर्य पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर नको, बाजूला हवा. वारा असेल तर मेणबत्त्यांना कंदिलासारख्या काचेच्या चिमण्या लाव आणि पडद्यांपासून त्या चांगल्या लांब ठेव. बाहेर पडायच्या दारावर कापड सोडू देऊ नकोस, कितीही सुंदर दिसलं तरी. पाऊस आला तर काय, हे आधीच कागदावर लिहून ठेव. त्या दिवशी डेकोरेटरशी बोलायला एक माणूस नेम, तू नाही, तुझा नवराही नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी आपण ती जागा बघायला जाऊ, ज्या वेळेला कार्यक्रम असेल बरोबर त्याच वेळेला. मी शिडी आणि दोन वेगळे दिवे घेऊन येतो. तू कापडाचे तुकडे आण आणि तिथे नुसती बसून राहा, मी दिवे हलवत जाईन. जिथे तुझा चेहरा तुझा वाटेल तिथे खडूनं खूण करू.

आणखी एक. तुला प्रवेशाजवळच्या टेबलावर आपल्या घरचं काहीतरी हवं होतं ना? आजीनं विणलेला तो पांढरा टेबलक्लॉथ आईनं काल कपाटातून काढून उन्हात घातलाय. विणकाम अजून घट्ट आहे. एका कोपऱ्यावर तू दुसरीत असताना सांडलेल्या शाईचा डाग आहे, अंगठ्याएवढा. आजीनं तो मुद्दाम धुतला नव्हता. काढायचा की ठेवायचा, ते तू सांग.

तुझा,
बाबा