पिल्लांच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांक सक्तीचा करावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘लॅब्राडोरची पिल्ले मिळतील’ हा मजकूर वाढू लागतो. ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘केसीआय पेपरसह’ (म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदपत्रांसह) असे ठरावीक शब्द आणि खाली एक मोबाइल क्रमांक, एवढेच त्यात असते. पिल्ले कोणाकडे जन्मली, त्यांची आई कुठे आणि कशी राहते, विक्रेत्याची कुठे नोंद आहे की नाही, यातले काहीच वाचकाला कळत नाही. टाकून दिलेल्या लॅब्राडोर कुत्र्यांना नवी घरे मिळवून देणाऱ्या पुण्यातील स्वयंसेवकांच्या एका लहान गटात मी काम करते, आणि त्या कामात जे रोज दिसते त्याच्या आधारे या जाहिरातींविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे येणारी काही कुत्री घरातूनच येतात. कोणाची बदली होते, कोणाकडे बाळ येते, कोणाला सोसायटीचे पदाधिकारी त्रास देतात. (बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, हे ठाऊक नसल्यामुळेही काही कुत्र्यांची घरे सुटतात.) अशा कुटुंबांशी निदान बोलता येते आणि अनेकदा त्यातून मार्गही निघतो. ज्यांच्याबद्दल कोणाशीच बोलता येत नाही, त्या रस्त्याच्या कडेला सोडून दिलेल्या, पिल्ले काढून काढून शरीराची पार दैना झालेल्या माद्या.

सासवड रस्त्यालगत सापडलेल्या फिकट पिवळ्या रंगाच्या एका मादीची आचळे जमिनीकडे लोंबलेली होती, सिमेंटच्या फरशीवर वर्षानुवर्षे बसल्याने कोपरांवर जाड, काळे घट्टे पडले होते आणि पुढचे दात सळया चावून हिरड्यांपर्यंत झिजले होते. नखे वाढून आत वळली होती, म्हणजे तिला कधी चालायला नेलेच नव्हते. तात्पुरता सांभाळ करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या घरी जिन्यापाशी ती थबकली, कारण जिना म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हते. बागेत पायाखाली गवत आले की पाऊल वर उचलून धरायची. रक्ततपासणीत टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप निघाला, त्यासाठी डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा चार आठवड्यांचा कोर्स द्यावा लागला, आणि गर्भाशयात पू झाल्याने ते शस्त्रक्रिया करून काढावे लागले. इतके होऊनही ती माणसाच्या हाताला नाक लावायची. लॅब्राडोरचा हा भोळा, माणसांवर चटकन विश्वास टाकणारा स्वभाव लोकांना हवाहवासा वाटतो, आणि याच मागणीपायी त्याच्या माद्यांची ही गत होते.

हे रोखण्यासाठी कायदा नाही असे नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रत्येक पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. १८ महिन्यांपेक्षा लहान किंवा ८ वर्षांपेक्षा मोठ्या मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत, आयुष्यभरात एका मादीची ५ पेक्षा अधिक वेते होऊ देता येत नाहीत आणि ८ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. मात्र फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणारा हा धंदा नोंदणीच्या वाटेला जातच नाही. सापडलेल्या मादीच्या मानेवरून आम्ही मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या, ओळख क्रमांक असलेल्या चिपचा) स्कॅनर फिरवतो, तेव्हा बहुधा काहीच उमटत नाही, आणि मालक कोण हे सिद्ध करता येत नाही. समजा सिद्ध झालेच, तरी १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये एवढाच दंड आहे. एका पिल्लाच्या किमतीत असे कितीतरी दंड सहज भरता येतील, मग जरब बसणार कशी?

आमच्यासारखे गट या साखळीच्या शेवटच्या टोकाला उभे आहेत. एकाच जातीचे काम करण्याचा फायदा असा की तिच्या गरजा आणि दुखणी चांगली परिचयाची होतात. लॅब्राडोरची भूक आवरत नाही, वजन झपाट्याने वाढते, त्यात खुब्याचा सांधा लहानपणापासून सैल असेल तर उतारवयात त्याला उठणेही अवघड होते. ३० किलोचे असे कुत्रे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला, त्यांची कितीही माया असली तरी, आम्ही देत नाही. नसबंदी झाल्याखेरीज एकही कुत्रे दत्तक जात नाही. ‘एकदा पिल्ले होऊ द्या, मग करू’ म्हणणाऱ्यांना नकार देताना वाईटपणा येतो, पण तो घ्यावाच लागतो. हे सारे नोकऱ्या आणि घरसंसार सांभाळून, पदरचे पैसे घालून चालते. तात्पुरता सांभाळ करणारी घरे मोजकीच आहेत. ती भरली की नवा फोन आल्यावर ‘थोडे थांबा’ म्हणावे लागते, आणि रस्त्यावरच्या आजारी मादीला थांबता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की नोंदणी क्रमांक दिल्याखेरीज पिल्लांच्या विक्रीची जाहिरात आपल्या दैनिकाने स्वीकारू नये आणि तो क्रमांक जाहिरातीत छापावा. जाहिरात घेताना एक रकाना वाढवण्यापलीकडे यात फारसे काम नाही. क्रमांक खोटा असेल, तर तक्रार करणाऱ्याच्या हाती निदान एक छापील पुरावा राहील. आज तोही नसतो. ज्यांना पिल्लू विकतच घ्यायचे आहे, त्यांनी ते रस्त्यात किंवा गाडीच्या डिकीतून न घेता जिथे जन्मले तिथे जाऊन घ्यावे, आणि त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तिथून परत फिरावे आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लेखी तक्रार करावी.

आपली विश्वासू,
लॅब्राडोर पुनर्वसन गटातील एक स्वयंसेविका, पुणे